बासष्टच्या ऑक्टोबरात क्यूबात नेमकं काय झालं होतं

आपल्याकडे बासष्ट म्हटलं की चीन. नेफा, लडाख, धड गरम कपडे नसलेले आपले जवान, मेनन यांचा राजीनामा, आणि मग हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला म्हणत दिल्लीला गेलेले यशवंतराव. हे सगळं घराघरात सांगून झालंय. पण चिनी फौजा २० ऑक्टोबरला आपल्यावर चालून आल्या आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, २२ तारखेच्या संध्याकाळी, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी टीव्हीवर येऊन सांगत होते की क्यूबात रशियाची अण्वस्त्रं आहेत, हे दोन्ही एकाच आठवड्यातलं आहे हे कित्येकांच्या डोक्यात एकत्र येतच नाही, माझ्याही बरीच वर्षं आलं नव्हतं.

तर मुळात भानगड काय होती. १९५९च्या जानेवारीत कॅस्ट्रोने तिथल्या हुकूमशहाला, बातिस्ताला, पळवून लावलं आणि फ्लोरिडापासून दीडशे किलोमीटरवर अमेरिकेला नको असलेलं सरकार बसलं. एप्रिल १९६१मध्ये सीआयएने साधारण १,४०० क्यूबन निर्वासितांना ट्रेनिंग देऊन बे ऑफ पिग्जला उतरवलं, तीन दिवसांत त्यांचा पार फज्जा उडाला आणि नवीनच आलेल्या केनेडींचं जगभर हसं झालं. त्यानंतरही घातपात, कॅस्ट्रोला उडवायचे प्लॅन वगैरे चालूच राहिले, ऑपरेशन मंगूस नावाने. म्हणजे अमेरिका पुन्हा येणार अशी भीती कॅस्ट्रोला वाटत होती ती काही उगाच नव्हती.

सोव्हिएत रशियाचा सर्वेसर्वा ख्रुश्चेव्ह, त्याचं गणित वेगळंच होतं. क्षेपणास्त्रांच्या शर्यतीत रशिया पुढे गेलाय अशी अमेरिकेत बोंब होती आणि ख्रुश्चेव्हनेही फुशारक्या मारून ती वाढवली होती, पण खरी परिस्थिती उलटी होती, थेट अमेरिकेवर जाऊन पडतील अशी लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं त्यांच्याकडे जेमतेम काही डझन. मध्यम पल्ल्याची मात्र भरपूर. शिवाय अमेरिकेने तुर्कस्तानात १५ आणि इटलीत ३० ज्युपिटर क्षेपणास्त्रं रशियाकडे तोंड करून ठेवलेली. मग मध्यम पल्ल्याचीच उचलून क्यूबात नेऊन ठेवली तर? क्यूबाचं रक्षणही होतं, बरोबरीही होते, तीही स्वस्तात. कागदावर झकास आयडिया.

या मोहिमेला नाव दिलं अनादीर, हे पार सैबेरियाच्या टोकाला असलेल्या एका नदीचं नाव, आणि संशय येऊ नये म्हणून क्यूबाच्या उकाड्यात निघालेल्या सैनिकांसोबत चक्क स्की आणि थंडीचे कपडे दिले होते. ४०,००० च्या वर माणसं मालवाहू जहाजांच्या पोटात बसवून नेली. अमेरिकेचा अंदाज होता फार तर दहा हजार असतील. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१४ ऑक्टोबरला यू-२ या अमेरिकन टेहळणी विमानाने क्यूबाच्या पश्चिम भागाचे फोटो काढले, १६ तारखेला सकाळी ते केनेडींच्या पुढ्यात आले आणि तिथून ते प्रसिद्ध तेरा दिवस सुरू झाले. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्यांचं मत एकच, बॉम्ब टाका. केनेडींचंही तेच होतं. हे आपल्याला नक्की माहितीय कारण त्यांनी गुपचूप टेप चालू ठेवला होता. हवाई दलाचे प्रमुख लेमे यांनी तर तोंडावर सुनावलं की बॉम्ब न टाकता नुसती नाकेबंदी करणं हे हिटलरपुढे म्युनिकमध्ये केलं तसलंच लोटांगण आहे, आणि केनेडींचे वडील त्या काळात ब्रिटनमध्ये राजदूत होते, हिटलरशी जुळवून घ्या म्हणणाऱ्यांपैकी, म्हणजे टोमणा कुठे लागला असेल बघा. पण आठवडाभर कुणाला पत्ता लागू दिला नाही म्हणून विचार करायला वेळ मिळाला. पहिल्याच दिवशी निर्णय घ्यावा लागला असता तर हा लेख लिहायला मी आणि वाचायला तुम्ही असतो का, शंकाच आहे.

शेवटी ठरलं की क्यूबाची सागरी नाकेबंदी करायची, पण नाकेबंदी म्हणायचं नाही, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात ती युद्धाची कृती धरतात, म्हणून शब्द शोधला क्वारंटाइन. हो, करोनात आपल्या तोंडी बसला तोच. २४ ऑक्टोबरला ती लागू झाली, अमेरिकेची अणुबॉम्बर दलं डेफकॉन २ वर गेली, म्हणजे युद्धाच्या फक्त एक पायरी खाली, आणि क्षेपणास्त्रं घेऊन येणारी रशियन जहाजं मागे वळली. नजरेला नजर भिडली आणि समोरच्याने पापणी लववली, हे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांचं वाक्य तेव्हाचं, आणि पुढची पंचवीस वर्षं अमेरिकेत ही गोष्ट अशीच सांगितली गेली, आमचा गडी ठाम राहिला, त्यांचा घाबरला.

मला ही गोष्ट पटत नाही. कारण खरा धोका त्यानंतर आला, आणि तो या दोघांकडून आलाच नाही.

२६ तारखेला ख्रुश्चेव्हचं लांबलचक पत्र आलं, ते वाचलं की माणूस रात्र रात्र झोपला नसणार हे कळतं. दोरीला युद्धाची गाठ पडलीय, आपण दोघं टोकं ओढत राहिलो तर ती इतकी आवळेल की बांधणाऱ्यालाही सुटणार नाही, अशा अर्थाचं त्यात लिहिलंय. क्यूबावर हल्ला करणार नाही असं वचन द्या, आम्ही निघतो. म्हणजे दोघांनाही आता थांबायचं होतं. आणि नेमका दुसरा दिवस, शनिवार २७ ऑक्टोबर, सगळ्यात वाईट निघाला.

सकाळी मॉस्को रेडिओवर दुसरं पत्र, आता तुर्कस्तानातली ज्युपिटरही काढा म्हणून. त्याच दिवशी क्यूबावर यू-२ पाडलं गेलं, वैमानिक मेजर अँडरसन ठार. पाडायचा हुकूम मॉस्कोने दिलेलाच नव्हता, तिथल्या सोव्हिएत जनरलांनी आपल्या जबाबदारीवर ठरवलं. विमान पाडलं तर तो तळ उडवायचा असं वॉशिंग्टनमध्ये आधीच ठरलेलं, केनेडींनी हात आवरला. त्याच दिवशी उत्तर ध्रुवाकडे हवेचे नमुने घ्यायला गेलेलं दुसरंच एक यू-२ ध्रुवीय प्रकाशामुळे दिशा चुकून थेट रशियाच्या हद्दीत शिरलं, त्याच्यामागे मिग लागली आणि त्याला सोडवायला अलास्काहून जी अमेरिकन विमानं उडाली त्यांच्यावर अण्वस्त्रवाली क्षेपणास्त्रं लावलेली होती. कुणीतरी एक महाभाग असतोच ज्याच्यापर्यंत निरोप पोचलेला नसतो, असं केनेडी वैतागून म्हणाले म्हणतात, मूळ शब्द जरा जास्त रंगीत आहेत.

आणि त्याच संध्याकाळी पाण्याखाली बी-५९. उत्तरेच्या थंड समुद्रासाठी बांधलेली ही रशियन पाणबुडी कॅरिबियनच्या गरम पाण्याजवळ येऊन अडकलेली, बॅटरी उतरत आलेली, आत तापमान पंचेचाळीसच्या वर, प्यायचं पाणी मोजून मापून, मॉस्कोशी संपर्क नाही. वरून अमेरिकन युद्धनौका सरावाचे छोटे बॉम्ब टाकत होत्या. हा वर या म्हणून इशारा आहे असं वॉशिंग्टनने मॉस्कोला कळवलं होतं, पण ते पाणबुडीपर्यंत पोचलंच नव्हतं. आतल्यांना वाटलं युद्ध सुरू झालं. बोटीवर एक अणुटॉर्पेडो होता, जवळपास हिरोशिमाच्या ताकदीचा, आणि हे अमेरिकनांना माहीतच नव्हतं. बोटीवरच्या ओर्लोव्ह नावाच्या अधिकाऱ्याच्या आठवणीप्रमाणे कप्तान सवित्स्की भडकला आणि टॉर्पेडो तयार करा म्हणाला. वासिली आर्खिपोव्ह हा पाणबुड्यांच्या त्या ताफ्यातला वरिष्ठ अधिकारी योगायोगाने त्याच बोटीवर होता. त्याने त्याला शांत केलं आणि बोट वर आली. हा आर्खिपोव्ह आदल्याच वर्षी के-१९ या पाणबुडीवर होता जिथे अणुभट्टी बिघडून सहकारी किरणोत्सर्गाने मेले होते. त्याचा इथे परिणाम झाला असेल का? मला तरी वाटतं झाला असणार. प्रत्यक्ष बोटीत कोण किती बोललं यावर जाणकार अजून वाद घालतात, पण बोट, उकाडा, बॉम्ब आणि तो टॉर्पेडो यात वाद नाही.

आता तो आकडा. अमेरिकेची क्यूबावर चढाईची तयारी झालेली होती, लाखाच्या वर फौज. समोर दहा नाही, चाळीस हजार सोव्हिएत होते आणि त्यांच्याकडे किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैन्यावर वापरायची छोटी अण्वस्त्रंही होती, मोठ्या क्षेपणास्त्रांशिवायची वेगळी. तेव्हाचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांना हे कधी कळलं तर १९९२मध्ये, हवानात, एका परिषदेत. तीस वर्षांनी!

सुटका कशी झाली ते मात्र अगदी व्यवहारी आहे. शनिवारी रात्री केनेडींचे भाऊ रॉबर्ट केनेडी वॉशिंग्टनमधले सोव्हिएत राजदूत दोब्रिनिनला भेटले. क्यूबावर हल्ला नाही हे उघड वचन, आणि तुर्कस्तानातली ज्युपिटर चार-पाच महिन्यांत निघतील, पण हे कुठे बोलायचं नाही, बोललात तर सौदा नाही. रविवारी २८ तारखेला ख्रुश्चेव्हने रेडिओवर माघार जाहीर केली, रेडिओवर कारण पत्र पोचायला वेळ लागला असता. ज्युपिटर एप्रिल १९६३मध्ये खरंच निघाली, आणि हा सौदा झाला होता हे केनेडींच्या माणसांनी उघडपणे कबूल केलं ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. तोपर्यंत नजरेला नजर वगैरे चालू. ख्रुश्चेव्हला अर्धी किंमत मिळाली पण सांगता आली नाही, आणि दोन वर्षांनी त्याच्याच लोकांनी त्याला काढलं त्यात क्यूबाचाही हिशोब होता. कॅस्ट्रोला तर कुणी विचारलंच नाही, तो भयंकर चिडला, त्याने आधी ख्रुश्चेव्हला लिहिलं होतं की अमेरिका चढाई करत असेल तर तुम्हीच आधी अणुहल्ला करा, आणि ते वाचून ख्रुश्चेव्हच हादरला होता.

आपल्याकडचा धागा असा की रशियाला या दिवसांत चीनला दुखवायचं नव्हतं, त्यामुळे २५ ऑक्टोबरच्या प्रावदाने, म्हणजे तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने, सीमावादात सरळ चीनची बाजू उचलली आणि दिल्लीत धक्का बसला. क्यूबा निवळल्यावर नोव्हेंबरात सूर पुन्हा मवाळ. तिकडे अमेरिकेचे इथले राजदूत गॅलब्रेथ यांना त्या आठवड्यात वॉशिंग्टनकडून फारसं काही येतच नव्हतं, सगळे क्यूबात बुडालेले. क्वारंटाइन उठलं २० नोव्हेंबरला आणि लगेच चीनचा एकतर्फी युद्धविराम. चीनने हा मुहूर्त क्यूबाकडे बघून साधला असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मला ते अर्धंच पटतं, सीमेवरची तयारी बऱ्याच आधीची दिसते.

या सगळ्यात दोब्रिनिन यांनी सांगितलेली एक गोष्ट मला विसरता येत नाही. तातडीची तार मॉस्कोला पाठवायची तर फोन करून तारवाल्या पोऱ्याला वकिलातीत बोलवायचं, तो सायकलवर येणार, पाकीट घेणार आणि जाणार, आणि दोब्रिनिन मनात म्हणणार, बाबा रे, वाटेत कुठे गप्पा मारत थांबू नकोस. म्हणून १९६३च्या जूनमध्ये हॉटलाइनचा करार झाला. तो सिनेमातला लाल फोन वगैरे काही नव्हतं, टेलिप्रिंटर होता, लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकीमार्गे मॉस्को. ३० ऑगस्टला लाइन चालू झाली आणि वॉशिंग्टनहून पहिला टेस्ट मेसेज गेला तो टायपिंग क्लासमधला, चपळ तपकिरी कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारतो, कारण त्यात इंग्रजीतली सगळी अक्षरं येतात.