पोर्तुगाल : युरोव्हिजन गीतस्पर्धेतील सहभाग

युरोपीय प्रसारण संघाच्या सदस्य वाहिन्यांमध्ये १९५६ पासून, २०२० चा अपवाद सोडता, दर वर्षी भरणारी युरोव्हिजन गीतस्पर्धा ही गायकांइतकीच गाण्यांची स्पर्धा आहे. प्रत्येक देशाचे एक नवे गाणे, तीन मिनिटांच्या आत बसणारे, मंचावर प्रत्यक्ष गायलेले. पोर्तुगाल या स्पर्धेत १९६४ मध्ये उतरला आणि मधली मोजकी वर्षे सोडली तर सतत उतरत आला आहे. पहिला आणि आजवरचा एकमेव विजय त्याला २०१७ मध्ये मिळाला. म्हणजे ५३ वर्षांची प्रतीक्षा, ४९वा सहभाग. गुणतक्त्यावरून बोट फिरवले तर ही बहुतांशी तळाच्या क्रमांकांची यादी वाटते. पण त्या तळाशी असलेल्या एका गाण्याने या देशातल्या राजवटीच्या शेवटाची वेळ सांगितली, हे तक्त्यात दिसत नाही.

निवड. देशाचे गाणे ठरते ‘फेश्तिव्हाल दा कांसाँव’ या राष्ट्रीय गीतमहोत्सवात. सरकारी वाहिनी आरटीपी तो १९६४ पासून भरवते. या महोत्सवाचे वैशिष्ट्य असे, की निमंत्रण गायकाला नसते, संगीतकाराला असते. २०१७ मध्ये आरटीपीने महोत्सवाची घडी नव्याने बसवली आणि ही जुनी परंपरा पुन्हा ठळक केली : वाहिनी वेगवेगळ्या घराण्यांच्या, जॅझपासून लोकसंगीतापर्यंतच्या रचनाकारांना बोलावते, ते गाणे रचतात आणि कोणी गायचे तेही तेच ठरवतात. पुढे काही जागा खुल्या प्रवेशिकांसाठीही ठेवल्या गेल्या. दोन उपांत्य फेऱ्या आणि मग अंतिम फेरी. अंतिम निकालात निम्मा वाटा प्रादेशिक परीक्षक मंडळांचा आणि निम्मा प्रेक्षकांच्या मतांचा असतो. उत्तर, मध्य, लिस्बन परिसर, आलेंतेजू, आल्गार्व्ह आणि मदेइरा व आसोरेस ही बेटे, अशा सात विभागांतून ही मंडळे येतात. समसमान गुण झाले तर प्रेक्षकांचे मत निर्णायक. गाणे रचणाऱ्याला असा मान देणारी पद्धत या स्पर्धेत फार देशांनी टिकवलेली नाही. पोर्तुगालच्या चांगल्या गाण्यांचे मूळ मला तरी तिथेच दिसते.

सालाझारच्या सावलीत. कोपनहेगनमध्ये १९६४ साली आंतोनियो काल्व्हारियो ‘ओरासाँव’ (प्रार्थना) हे गाणे गायला आणि त्याला शून्य गुण मिळाले. पदार्पणातच शून्य पदरी पडलेला हा पहिला देश. तेव्हा प्रत्येक देशाचे परीक्षक मंडळ फक्त तीन गाण्यांना पाच, तीन आणि एक असे गुण देई. चौथ्या पसंतीला काहीच नसे, त्यामुळे शून्याची नामुष्की त्या वर्षी एकूण चार देशांवर आली. त्याच रात्री एक निदर्शक स्पेनचा हुकूमशहा फ्रँको आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका, असा फलक घेऊन मंचावर चढला होता. पोर्तुगालकडे युरोप कोणत्या नजरेने पाहत होता, ते त्या फलकावर लिहिलेले होते. सालाझारची राजवट, तिची सेन्सॉरशिप आणि १९६१ पासून अंगोलात पेटलेले वसाहतीचे युद्ध, हे सगळे या गाण्यांच्या मागे उभे आहे. १९६७ मध्ये व्हिएन्नाच्या मंचावर पोर्तुगालकडून गायला तो एदुआर्दू नाशिमेंतू हा मूळचा अंगोलाचाच. युरोव्हिजनमध्ये गाणारा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष गायक. त्याच्या गाण्याचे शीर्षक होते ‘वारा बदलला’, आणि क्रमांक बारावा.

सेन्सॉरच्या नजरेखालून अर्थ सरकवण्याची कला पोर्तुगीज गीतकारांनी याच काळात कमावली. त्यांतला सर्वांत मोठा झुझे कार्लुश आरी दुश सांतुश. १९६९ मध्ये माद्रिदला सिमोन द ओलिव्हेइराने त्याचे ‘देश्फोल्याद पोर्तुगेझा’ गायले. मक्याची कणसे सोलायला गाव जमतो त्या सुगीच्या प्रथेवर ते बेतलेले आहे. मूल होते ते बाईच्याही सुखातून, असे सांगणारी त्यातली एक ओळ बाईच्या तोंडी ऐकून सनातनी पोर्तुगाल हादरला. स्पर्धेत गाणे सोळांपैकी पंधरावे आले, मात्र सिमोन परतली तेव्हा लिस्बनच्या स्टेशनवर तिच्या स्वागताला लोकांची रीघ लागली होती. १९७३ च्या ‘तोराद’मध्ये त्याच कवीने माणूस आणि बैल यांच्या झुंजीच्या रूपकातून सत्ताधाऱ्यांचा पंचनामा केला. फर्नांदू तोर्दूने ते गायले आणि ते दहावे आले. मधल्या काळात, १९७० मध्ये पोर्तुगाल स्पर्धेपासून दूर राहिला. आदल्या वर्षी चार देशांना मिळून विजेते घोषित केल्याच्या नाराजीतून त्या साली आणखीही काही देश बाहेर राहिले होते.

निरोपानंतर. ब्रायटन, ६ एप्रिल १९७४. पावलू द कार्व्हाल्यूने झुझे निझाने लिहिलेले आणि झुझे काल्व्हारियोने संगीत दिलेले ‘ए देपोइश दू आदेउश’ (आणि निरोपानंतर) गायले. स्वीडनच्या आब्बाने ती स्पर्धा जिंकली आणि जग जिंकायला निघाले. पोर्तुगालला तीन गुण मिळाले आणि तो आणखी तिघांबरोबर शेवटच्या जागी राहिला. त्या वर्षी प्रत्येक देशाचे दहा परीक्षक आपापल्या आवडीच्या एकाच गाण्याला एक गुण देत होते. म्हणजे अवघ्या युरोपात तीन माणसांना हे गाणे सर्वांत आवडले.

त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते. २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी लिस्बनच्या एका रेडिओ केंद्राने हे गाणे लावले. राजवट उलथवायला निघालेल्या सशस्त्र दलांच्या चळवळीतल्या अधिकाऱ्यांना तो पहिला इशारा होता : तयार व्हा. गाणे विरहाचे, प्रेमातल्या ताटातुटीचे. राजकारणाचा त्याला वासही नव्हता, आणि नुकतेच युरोव्हिजनला जाऊन आलेले असल्याने रेडिओवर वाजले तर कोणाच्या भुवया उंचावणार नव्हत्या. म्हणूनच ते निवडले गेले. मध्यरात्रीनंतर १२ वाजून २० मिनिटांनी दुसऱ्या केंद्रावरून झुझे आफोंसूचे ‘ग्रांदोला, विला मोरेना’ वाजले, तो बराकींतून निघण्याचा इशारा. दिवस मावळेपर्यंत सालाझारचा वारस मार्सेलू काएतानू शरण आला होता आणि सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुले खोवली होती. सुमारे ४८ वर्षांची हुकूमशाही एका दिवसात कोसळली.

गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या वाचकाला या रात्रीशी जोडणारा एक धागा आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण लिस्बनने ते मान्य केले नव्हते. मान्यता दिली ती या क्रांतीतून आलेल्या सरकारने. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत झालेल्या करारावर पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री मारियू सोआरेश यांनी आणि भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सह्या केल्या.

पुढच्या वर्षी स्टॉकहोमला पोर्तुगालकडून गायला तो दुआर्त मेंदेश हा क्रांतीत स्वतः सामील असलेला कॅप्टन. गाण्याचे नाव ‘पहाट’, क्रमांक सोळावा. १९७६ मध्ये आरटीपीने राष्ट्रीय महोत्सवातली सगळी गाणी एकाच गायकाकडे सोपवली. फादो या विरहगीतांच्या परंपरेतला तो थोर आवाज, कार्लुश दू कार्मू. विजयी ठरलेले ‘हिरव्या पाइनचे फूल’ हे हद्दपारी भोगून परतलेला कवी मानुएल आलेग्र याचे. त्याचा क्रमांक बारावा, पण पोर्तुगीज घरांत त्याला वेगळेच स्थान आहे.

लांबलेली प्रतीक्षा. झुझे सिद १९८० मध्ये सातवा आला. दुल्स पोंतेश १९९१ मध्ये आणि सारा ताव्हारेश १९९४ मध्ये आठव्या, तर लुसिया मोनीझ १९९६ मध्ये सहावी. मोनीझचे यश पुढे वीस वर्षे देशाची सर्वोत्तम कामगिरी म्हणून सांगितले जाई. लगेच १९९७ मध्ये पुन्हा शून्य गुण. २००४ मध्ये उपांत्य फेरी सुरू झाल्यावर पोर्तुगाल सलग चार वर्षे अंतिम फेरीबाहेर राहिला. २००८ मध्ये वानिया फर्नांदेशने ‘सागराची स्वामिनी’ गाऊन ती कोंडी फोडली. २०११ ते २०१५ दरम्यान जेव्हा जेव्हा भाग घेतला तेव्हा उपांत्य फेरीतच वाट संपली, आणि २०१३ व २०१६ मध्ये पोर्तुगाल गेलाच नाही. १९९९ मध्ये भाषेचे बंधन उठल्यापासून बहुतेक देश इंग्रजीकडे वळले होते. पोर्तुगाल मात्र मुख्यतः पोर्तुगीजमध्येच गात राहिला. हा हट्ट महागात पडतो, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई.

कीव, १३ मे २०१७. नव्या घडीच्या महोत्सवात निमंत्रण लुईझा सोब्राल या गायिका-गीतकार स्त्रीला होते. तिने ‘आमार पेलुश दोइश’ (दोघांच्या वाटचे प्रेम एकट्याने करणे) लिहिले आणि ते धाकट्या भावाच्या, साल्वादोरच्या हाती दिले. जॅझमध्ये रमलेला हा गायक तेव्हा हृदयाच्या गंभीर आजाराने त्रस्त होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने तो कीवला उशिरा पोहोचला. सुरुवातीच्या तालमी त्याच्या जागी बहिणीने केल्या. अंतिम फेरीत मुख्य मंचावरचे दिवे, पडदे, नर्तक सगळे सोडून तो प्रेक्षकांच्या मधोमध असलेल्या छोट्या चौथऱ्यावर उभा राहिला. तीन मात्रांची संथ लय, लुईश फिगेरेदूने बांधलेली तंतुवाद्यांची साथ, आणि सुरागणिक हवेत काहीतरी चाचपडणारे हात. एवढेच. हजारोंचे सभागृह निःशब्द होते.

परीक्षक आणि प्रेक्षक, दोघांनीही त्याला पहिले ठेवले. एकूण गुण ७५८, हा विक्रम २०२५ च्या स्पर्धेनंतरही अबाधित आहे. विजयानंतर मिळालेल्या क्षणात त्याने, संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, संगीत म्हणजे भावना, अशा अर्थाचे विधान केले. झगमगाटावर जगणाऱ्या अनेकांना ते झोंबले. मग त्याने बहिणीला मंचावर बोलावले आणि दोघांनी मिळून ते गाणे पुन्हा गायले. स्वतःच्या भाषेला चिकटून राहण्याचा तो हट्ट त्या रात्री फळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये साल्वादोरवर हृदयप्रत्यारोपण झाले आणि तो पुन्हा गाऊ लागला.

यजमानपद आणि नंतर. २०१८ ची स्पर्धा लिस्बनमध्ये झाली, ४३ देशांची. साल्वादोरने तिथे ब्राझीलच्या कायतानू व्हेलोझूसोबत आपले विजयी गाणे गायले. यजमानांचे ‘बाग’ हे गाणे मात्र अंतिम फेरीत शेवटचे, सव्विसावे आले. २०१९ मध्ये कोनान ओसिरिशचा मोबाइल फोनवरचा विलक्षण प्रयोग उपांत्य फेरीतच थांबला. द ब्लॅक माम्बा या वाद्यवृंदाने २०२१ मध्ये पोर्तुगालचे पहिले संपूर्ण इंग्रजी गाणे सादर केले आणि तो बारावा आला. मारोचे ‘सौदाद, सौदाद’ (विरहाची ओढ) २०२२ मध्ये नववे, योलांदाचे ‘आक्रोश’ २०२४ मध्ये दहावे. २०२५ मध्ये बाझेलला गेला तो मदेइरा बेटावरच्या तरुणांचा नापा हा बँड. त्यांच्या ‘देश्लोकादू’ या गाण्यात बेट सोडून मुख्य भूमीवर राहावे लागलेल्या मुलाची घरओढ आहे. क्रमांक एकविसावा.