बेसबॉलच्या पावसात डकवर्थ-लुईस शोधू नका

बेसबॉलचा सामना पावसाने थांबला की आपल्याकडचा कुणीतरी हमखास विचारतो, "मग आता टार्गेट किती?" अहो, टार्गेट नसतंच!

क्रिकेटचं तुम्हाला काय सांगायचं? टी-ट्वेंटीत दुसऱ्या संघाची 5 षटकं झाली की निकाल लावता येतो. षटकं आणि शिल्लक गडी बघून लक्ष्य बदलतं. बेसबॉलमध्येही नेमका 5 हाच आकडा येतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. 5 इनिंग (दोन्ही संघांची एकेक फलंदाजी मिळून एक इनिंग) झाल्या की सामना अधिकृत ठरतो (यजमान शेवटी फलंदाजी करतात, त्यामुळे ते पुढे असतील तर साडेचारही पुरतात). आकडा सारखा म्हणून लोक दोन्ही नियमांना एकाच माळेत ओवतात.

क्रिकेटमध्ये एक संघ आधी आपली सगळी फलंदाजी उरकून घेतो. मग पावसाने दुसऱ्याची षटकं खाल्ली तर संधी असमान होते, म्हणून ते सगळं गणित. बेसबॉलमध्ये आळीपाळी असते: तीन बाद तुमचे, तीन बाद आमचे, असं नऊ वेळा. इनिंग पुरी झाली की दोघांना सारखीच संधी मिळालेली असते. मग कसलं गणित करायचं? सहा इनिंगनंतर पाऊस थांबेना, फलकावर 3-2 आहे, तर 3-2 हाच निकाल. घरी जा.

आणि 5 इनिंगच्या आत पाऊस आला तर? पूर्वी सगळं पुसलं जायचं, अगदी होमरनसुद्धा (आपल्या षटकारासारखा, चेंडू थेट मैदानाबाहेर). 17 जुलै 1961 ला बाल्टिमोरमध्ये न्यूयॉर्क यांकीजच्या रॉजर मॅरिसचा एक होमरन असाच वाहून गेला. त्या मोसमात त्याने 61 होमरन मारून विक्रम केला, म्हणजे हातात 62 असते. 2020 पासून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) असा सामना स्थगित करतात आणि पुढे जिथे थांबला तिथूनच खेळवतात. आपण 2019 च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी राखीव दिवशी 46.1 षटकांपासून पुढे पाहिली होती ना, तसंच. बेसबॉलच्या अशा स्थगितीला आपले बातमीवाले बिनदिक्कत "सामना रद्द" म्हणतात. रद्द कुठे? तो तर अर्धा खेळून ठेवलाय!

2008 च्या वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगची अंतिम मालिका) पाचवा सामना फिलाडेल्फियात सहाव्या इनिंगच्या मध्यावर 2-2 असताना थांबला आणि दोन दिवसांनी पुढे सुरू झाला. फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाने तो 4-3 जिंकून विजेतेपद घेतलं. त्यानंतर प्लेऑफचा प्रत्येक सामना पूर्ण खेळवायचाच, असा नियम झाला. उत्तम केलं. किताबाचा निकाल छत्र्यांखाली लागू नये.

स्थगितीची खरी गंमत 2024 ची. 26 जूनला बॉस्टनमध्ये टोरंटोचा डॅनी जॅन्सन फलंदाजीला उभा होता, एक स्ट्राइक झाला होता (तीन झाले की बाद), आणि पावसाने खेळ थांबला. जुलैत टोरंटोने त्याला बॉस्टनलाच देऊन टाकलं. 26 ऑगस्टला सामना पुन्हा सुरू झाला तेव्हा जॅन्सन बॉस्टनचा कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) म्हणून फलंदाजामागे बसलेला, आणि त्याची अर्धवट राहिलेली फलंदाजी पुरी करायला टोरंटोचा डॉल्टन वार्शो त्याच्यासमोर उभा. वार्शो बाद झाला, पण सामना टोरंटोने 4-1 जिंकला. एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेला मेजर लीगमधला पहिला खेळाडू जॅन्सनच.