चांदी, सिमेंट आणि कॅपखालची दाढ

गिरगावात साठी ओलांडलेल्या एखाद्या पेशंटने तोंड उघडलं की मागच्या दाढेत काळी पडलेली पण शाबूत चांदी हमखास दिसते. रूट कॅनलनंतर कॅपखाली काय भरायचं, म्हणजे कोअर कशाचा करायचा, या वादाची सुरुवात तिथूनच होते.

चांदी म्हणजे अमाल्गम. चांदी, कथील आणि तांब्याची पूड पाऱ्यात कालवायची. जी. व्ही. ब्लॅक यांनी १८९५च्या सुमारास तिचं प्रमाण बसवलं. मुंबईत नायरचं डेंटल कॉलेज १९३३चं. तिथून बाहेर पडलेल्या कित्येक पिढ्यांचा हात अमाल्गमवरच बसला. तिची खोट अशी, की ती दाताला चिकटत नाही, नुसती अडकून राहते. म्हणून पिना आल्या, धातूचे पोस्ट, म्हणजे मुळाच्या नळीत (कॅनलमध्ये) बसवायच्या काड्या, आल्या. १९८०मध्ये नय्यर, वॉल्टन आणि लेनर्ड यांनी पोस्ट टाळून अमाल्गमच कॅनलच्या तोंडात २ ते ४ मिमी दाबायला सांगितलं. शिवाय चांदी पुरती घट्ट व्हायला चोवीस तास लागतात. विरारहून दादरला येणाऱ्याला दुसरी फेरी म्हणजे अर्धी रजा.

चिकटण्याची सोय दोन वाटांनी आली. बुओनोकोर यांनी १९५५मध्ये ॲसिडने इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, खरखरीत करून दाखवलं, पुढे बोवेन यांचं रेझिन आलं आणि त्यातून कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग. दुसरीकडे विल्सन आणि केंट यांचं ग्लास आयोनोमर, पेशंटच्या भाषेत सिमेंट. ते चिकटतं, फ्लोराइड सोडतं, पण चावण्याच्या जोराखाली तडकतं. त्यात चांदीची पूड मिसळूनही पाहिली; मोठ्या कोअरला ती पुरली नाही.

माझ्या मते खरी कलाटणी मात्र मटेरियलने दिली नाही. 'नस काढली की दात ठिसूळ होतो' हे आपण सगळेच ऐकत आलोय. १९८९मध्ये रीह, मेसर आणि डग्लस यांनी मोजलं, तेव्हा रूट कॅनलच्या कामाने दाताचा ताठपणा जेमतेम ५ टक्क्यांनी घटला. पुढची-मागची कड कापणाऱ्या मोठ्या कॅव्हिटीने ६३ टक्क्यांनी. म्हणजे रूट कॅनल बिचारं उगाच बदनाम.

तरी कोअरच्या मटेरियलची तुलना चालूच आहे, आणि एमडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीच्या) थिसिसला विषय सोयीचा आहे. तारा बसवण्यासाठी काढलेल्या उपदाढा जमवायच्या, ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात उभ्या रोवायच्या, कोअर भरायचा आणि मशीनचा दांडा मिनिटाला १ मिमी या गतीने खाली आणायचा. बराच वेळ काहीच होत नाही. मग बारीकसा 'टक्' आवाज येतो, स्क्रीनवरची रेघ कोसळते आणि दात किती जोराला फुटला त्याचा न्यूटनमधला आकडा वहीत उतरतो.

शेजारी आणखी एक रकाना असतो, दात कुठे फुटला याचा. नुसता कोअर तुटला तर पुन्हा भरता येतो. मूळ उभं चिरलं तर दाढ काढण्यावाचून इलाज नाही, आणि ताठ धातूच्या पोस्टचे गट बऱ्याचदा तिथेच मार खातात, न्यूटन भरपूर मिळवूनही. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मात्र पहिला प्रश्न न्यूटनचाच येतो.