रॉजर टेलर: क्वीनचा कोणता, डुरान डुरानचा कोणता?

क्वीन आणि डुरान डुरान या दोन इंग्लिश बँडमध्ये रॉजर टेलर नावाचा एकेक जण. दोघेही इंग्रज, दोघेही ड्रमर, आणि १३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीत दोघांनीही वाजवलं: एकाने लंडनच्या वेम्बलीत, दुसऱ्याने फिलाडेल्फियाच्या जेएफके स्टेडियममध्ये. म्हणून नुसतं नाव आणि वर्ष टाकून शोधलं की एकाची माहिती दुसऱ्याच्या खात्यात जाते.

क्वीनचा रॉजर मेडोज टेलर जवळपास अकरा वर्षांनी मोठा. जन्म १९४९ चा, बालपण कॉर्नवॉलमधल्या ट्रुरोत. लंडनला आला दंतवैद्यक शिकायला. ते सोडून पुढे जीवशास्त्राची पदवी घेतली. १९६८ मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि गायक टिम स्टॅफेलबरोबर 'स्माइल' हा बँड झाला. स्टॅफेल गेल्यावर पाचगणीत शिकलेला फारुख बुलसारा, म्हणजेच फ्रेडी मर्क्युरी, आला आणि १९७० मध्ये क्वीन उभा राहिला.

याला निव्वळ ड्रमर समजणं हा त्याच्यावर अन्याय आहे. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या ऑपेराच्या भागातला सर्वांत वरचा स्वर अनेकांना फ्रेडीचा वाटतो. तो टेलरचा आहे. 'रेडिओ गा गा' आणि 'अ काइंड ऑफ मॅजिक' त्याने लिहिली. १९८७ मध्ये त्याने 'द क्रॉस' हा बँड काढला, त्यात तर तो ड्रम्सवर नव्हताच. पुढे उभा राहून गात होता, गिटार वाजवत होता.

डुरान डुरानचा रॉजर अँड्र्यू टेलर बर्मिंगहॅमचा, जन्म १९६०. पंक बँडमधून १९७९ मध्ये डुरान डुरानमध्ये आला. बँडमधले जॉन आणि अँडी हेही टेलरच, पण तिघांचं आपसात नातं नाही. डुरान डुरानमधून निघालेला 'आर्केडिया' हा फाटा त्याच्या वाट्याचा, 'द क्रॉस' नव्हे. १९८६ मध्ये थकून त्याने डुरान डुरान सोडला. बँडमधले पाचही जण पुन्हा एकत्र आले ते २००० नंतर.

श्रेयनामावलीतून ओळखायची सोपी खूण आहे. क्वीनच्या गाण्यांवर १९८९ च्या 'द मिरॅकल' अल्बमच्या आधीपर्यंत बहुधा ज्याने लिहिलं त्याचंच नाव असे. डुरान डुरानच्या त्या काळातल्या गाण्यांवर पाचही जणांची नावं येतात. म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या गाण्याखाली एकटा 'रॉजर टेलर' दिसला, तर तो जवळपास नक्की क्वीनचा. क्वीनच्या पहिल्या अल्बमवर तर नाव 'रॉजर मेडोज-टेलर' असंच छापलं आहे.

कानाने ओळखायचं, तर क्वीनच्या टेलरची सवय ऐका: स्नेअरच्या (कडक आवाजाच्या लहान ड्रमच्या) ठोक्यासोबत हाय-हॅट (झांजांची जोडी) किंचित उघडतो आणि ठोक्याला 'त्स्स' अशी शेपटी लागते. धाकट्याच्या सुरुवातीच्या गाण्यांत डिस्कोसारखा प्रत्येक मात्रेवर बेस ड्रम पडतो आणि जॉनची बेस गिटार त्याला घट्ट धरून चालते. मात्र मशीनसारखा ठोका ऐकून लगेच डुरान डुरान म्हणू नका. 'रेडिओ गा गा' क्वीनचंच आहे आणि त्यात खरोखर ड्रम मशीन वाजतं.