डीएमए रजिस्टरे आणि ध्वनी ड्रायव्हर

मेमरीतला ध्वनीचा डेटा प्रोसेसरच्या मध्यस्थीशिवाय ध्वनी कार्डापर्यंत पोचावा म्हणून डीएमए (थेट मेमरी प्रवेश) नियंत्रकाची रजिस्टरे (चिपमधल्या छोट्या साठवण-जागा) भरण्याचे काम. ते ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, करतो. ही नोंद मुख्यतः आयबीएम पीसीतला इंटेल ८२३७ए हा नियंत्रक आणि क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर कार्ड (१९८९) या जोडीविषयी आहे. जोडी जुनी झाली, पण शिकायला अजूनही हीच उत्तम, कारण इथे प्रत्येक बाइट ड्रायव्हर लिहिणाऱ्याला स्वतःच्या हाताने लिहावा लागतो आणि कोणता बाइट कशासाठी हे लपून राहत नाही. खालील पोर्ट (चिपशी बोलायचे दार) क्रमांक, पत्ते, आज्ञा आणि पोर्टवर लिहायचे बाइट षोडशमान (सोळाच्या पायाच्या) पद्धतीतले आहेत.

ध्वनीला उशीर खपत नाही. सेकंदाला ११,०२५ नमुने (आवाजाची एकेका क्षणाची मापे, इथे प्रत्येकी एक बाइट) वाजवायचे तर साधारण दर ९१ मायक्रोसेकंदांनी कार्डाच्या हाती एक बाइट पडलाच पाहिजे. प्रोसेसर स्वतः हे बाइट पुरवत बसला तर त्याला दुसरे काही धड करता येत नाही, आणि दुसरे काही करू लागला तर आवाज तुटतो. म्हणून काम वाटून दिलेले आहे. नियंत्रकाला जागा कळते: कुठून उचलायचे आणि किती. वेळेशी त्याला कर्तव्य नसते. कार्डाला वेळ कळते, पण डेटा मेमरीत कुठे आहे याचा त्याला पत्ता नसतो. पुढचा नमुना हवा झाला की कार्ड मागणीचा संकेत देते, नियंत्रक बस (मेमरी, प्रोसेसर आणि कार्डे जोडणारा सामाईक मार्ग) ताब्यात घेतो आणि एक बाइट सरकवतो. दोघे आपापले वेगळे मोजत असतात. त्यांचे आकडे जुळवून देणे हेच ड्रायव्हरचे खरे काम, आणि चुकाही बहुधा तिथेच होतात.

मूळ पीसीत (१९८१) नियंत्रकाच्या चार वाहिन्या होत्या, म्हणजे एकेका उपकरणासाठी एकेक स्वतंत्र मार्ग. शून्य क्रमांकाची मेमरी ताजी ठेवण्यात गुंतलेली, दोन क्रमांकाची फ्लॉपीची. साउंड ब्लास्टरने मोकळी असलेली एक क्रमांकाची वाहिनी घेतली. १९८४ च्या एटी या पीसीच्या पुढच्या मॉडेलमध्ये दुसरा नियंत्रक आला आणि त्यासोबत १६ बिटी वाहिन्या. साउंड ब्लास्टर १६ (१९९२) सहसा त्यांतली पाचवी वापरते.

समजा ४,०९६ बाइटांचा बफर (ध्वनीचा डेटा ठेवायची मेमरीतली जागा) ३४८०० या भौतिक पत्त्यावर आहे. आधी पोर्ट ०ए वर ०५ लिहून वाहिनी बंद करायची. चालू वाहिनीची रजिस्टरे बदलू नयेत. मग ०सी वर काहीही लिहायचे, म्हणजे आतला फ्लिपफ्लॉप मूळ स्थितीत येतो. मोडसाठी, म्हणजे डेटा कोणत्या दिशेने सरकवायचा आणि बफर संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे हे सांगण्यासाठी, ०बी वर ५९. पत्त्यासाठी ०२ वर आधी ००, मग ४८, आणि उरलेला वरचा अंक ०३ हा ८३ या पान रजिस्टरात. संख्येसाठी ०३ वर एफएफ, मग ०एफ. हे ४,०९५ झाले, कारण नियंत्रकाला नेहमी एक कमी सांगायचे असते. शेवटी ०ए वर ०१ लिहून वाहिनी उघडायची.

यातला फ्लिपफ्लॉप फार फसवा. पोर्ट ८ बिटी आणि रजिस्टर १६ बिटी, म्हणून येणारा बाइट खालचा की वरचा हे तो ठरवतो. दोन बाइटांच्या मध्येच एखादा इंटरप्ट (प्रोसेसरला चालू काम थांबवायला लावणारा संकेत) येऊन दुसऱ्या कोडने नियंत्रकाला हात लावला की क्रम उलटतो. म्हणून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या कामासाठी वेगळे लॉक (एका वेळी एकाच कोडला हात लावू देणारे कुलूप) आहे. मोडमधले ‘वाचन’ आणि ‘लेखन’ हे शब्दही मेमरीच्या बाजूने वाचायचे: वाजवणे म्हणजे वाचन, ध्वनिमुद्रण म्हणजे लेखन.

पान रजिस्टर नियंत्रकाच्या बाहेर, वेगळ्या चिपमध्ये असते. पत्ता वाढत जाऊन पान (मेमरीचा ६४ केबीचा भाग) संपले तरी ते आपणहून पुढे सरकत नाही. तोच बफर ३एफ८०० वर ठेवला असता तर पहिले २,०४८ बाइट नीट वाजले असते आणि पुढचा बाइट ४०००० ऐवजी ३०००० वरून आला असता. तिथे जे काही असेल ते खरखर होऊन ऐकू येते. ध्वनिमुद्रण चालू असेल तर तिथली मेमरीच पुसली जाते, आणि ते खूप नंतर कळते. म्हणून बफर ६४ केबीच्या सीमेला छेदणार नाही हे आधीच पाहावे लागते.

मग कार्डाची पाळी. वेग सांगताना २५६ मधून दहा लाख भागिले नमुनादर वजा करायचा. ११,०२५ साठी १६५ येतात, प्रत्यक्ष दर १०,९८९ पडतो. त्यानंतर ४८ ही आज्ञा देऊन ठोकळ्याचा (दोन इंटरप्टांच्या मधल्या डेटाचा) आकार सांगायचा, इथेही एक कमी करून. तो बफरच्या निम्मा, म्हणजे २,०४८ ठेवतात. मग १सी आज्ञेने वाजवणे सुरू होते (या दोन्ही आज्ञा १९८९ च्या मूळ कार्डात नव्हत्या, साउंड ब्लास्टर २.० पासून आल्या). दर अर्ध्यानंतर कार्ड इंटरप्ट देते. कार्ड २२० या पोर्टवर असेल तर ड्रायव्हर २२ई वाचून पोच देतो आणि नुकताच वाजून झालेला अर्धा भाग नव्या डेटाने भरतो, तोवर दुसरा वाजत असतो. प्रोग्रॅम कोसळला तरी नियंत्रक आणि कार्ड थांबत नाहीत. जुने गेम अडकल्यावर तोच क्षणभराचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐकू यायचा, तो असा.

आवाज कुठवर आला हे संख्या रजिस्टर वाचून कळते, पण ते दोन बाइटांत वाचावे लागते आणि मधल्या वेळात संख्या उतरू शकते. म्हणून काही यंत्रांवर लिनक्स ती दोनदा वाचून त्यातली मोठी घेते.

एटीवर हा नियंत्रक १६ एमबीच्या वरची मेमरी गाठू शकत नाही. पीसीआय या नव्या बसची कार्डे आल्यावर ती स्वतःच बस चालवू लागली आणि सामाईक नियंत्रकाची गरज सरली. इंटेलच्या हाय डेफिनिशन ऑडिओमध्ये (२००४) ड्रायव्हर मेमरीत १६ बाइटांच्या नोंदींची यादी ठेवतो: पत्ता, लांबी आणि इंटरप्ट हवा की नको. शेवटच्या नोंदीचा क्रमांक रजिस्टरात लिहिताना तो शून्यापासून मोजतात, म्हणजे पुन्हा एक कमी. बफरची एकूण लांबीही वेगळ्या रजिस्टरात सांगावी लागते, आणि ती यादीतल्या लांब्यांच्या बेरजेइतकीच असावी लागते.