लुगडं पांढरं होतं की निळं?

इंदूरला जुन्या मराठी घरांत, राजवाड्याच्या आसपास तर जास्तच, पिवळट पडलेला एखादा फोटो असतोच, खुर्चीत बसलेली नऊवारीतली बाई, बाजूला तिपाई, त्यावर फुलदाणी नाहीतर पुस्तक. आमच्याकडेही आहे. लुगडं पांढरं दिसतं, कपाळ मोकळं, म्हणून घरात सगळे सरळ सांगायचे की ही विधवा झाल्यावर काढलेला फोटो. मलाही तसंच वाटायचं, पण त्या काळी काचेवर फोटो घ्यायचं काम कसं चालायचं ते कळलं आणि तो अर्थ डळमळायला लागला.

म्हणजे बघा, १८५१ साली ओल्या कोलोडियनची पद्धत आली, काचेवर रसायन लावायचं आणि ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा. हे रसायन निळ्या उजेडाला पटकन पकडतं आणि लाल-पिवळ्याला जवळजवळ आंधळं असतं. त्यामुळे फिकं निळं लुगडं पांढरं येतं, लाल शालू काळा येतो, हळदीचा पिवळा रंगही काळवंडतो. कुंकू काळं उमटतं, आणि सावळ्या कपाळावर तर, कातडीच आधी गडद आलेली असल्यामुळे, ते दिसतच नाही! पुढे कोरड्या काचा आल्या तरी लाल रंगाचं हे दुखणं विसाव्या शतकापर्यंत गेलं नाही. म्हणून फोटोत कुंकू नाही म्हणजे नवरा नाही, असं धरून चालत नाही.

आता पुस्तक आणि फुलदाणी. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने छोट्या कार्डावरच्या फोटोचं पेटंट घेतलं, फोटो स्वस्त झाले, आणि खांब, पडदा, तिपाई, पुस्तक हे सगळं युरोपातल्या जुन्या पोर्ट्रेट पेंटिंगमधून स्टुडिओत आलं ते जगभर फिरलं. हातातलं पुस्तक बाईचं की स्टुडिओचं, हे फोटो सांगत नाही. हात टेकायला, हलू नये म्हणून दिलेलं सामानही असू शकतं, कारण एक्स्पोजर काही सेकंदांचं, आणि मानेमागे लोखंडी टेकू. चेहरे इतके कठोर दिसतात त्याला हेही एक कारण आहे, प्रत्येक वेळी बिचारीचं दुःखच शोधायला नको.

मात्र सगळंच स्टुडिओचं नसतं. १८८५ मधला आनंदीबाई जोशींचा अमेरिकेतला फोटो आठवा, मेडिकल कॉलेजात शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लांबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तिथे लुगडं मला तरी तिपाईसारखं सामान वाटत नाही, ते स्वतःहून नेसलेलं आहे.

आपल्या इंदूरचा यातला वाटाही मोठा. पुढे फोटोग्राफर म्हणून नावाजलेले लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इथे सरकारी नोकरीत आले, ड्राफ्ट्समनचं काम, फोटोग्राफीकडे वळले तेही इथेच, इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांचं पाठबळ होतं. पुढे हैदराबादला त्यांनी १८९२ मध्ये फक्त बायकांसाठी झनाना स्टुडिओ काढला, चालवायला इंग्रज बाई ठेवली. पडद्यातल्या बाईला परक्या पुरुषासमोर बसायचंच नसेल तर फोटो निघणार कसा, हा प्रश्न असा सुटला. इथल्या सगळ्यात ओळखीच्या बाईचा, अहिल्याबाईंचा मात्र फोटोच नाही, त्या १७९५ मध्येच गेल्या. म्हणून ते पांढरं लुगडं आणि तळहातावरची पिंड चित्रकारांनी ठरवलेली, आणि चित्रात पांढरं म्हणजे पांढरंच.

आमचा फोटो मी परवा भिंगाखाली धरला. नाकात नथ आहे.