कामगार कायद्यांचे पालन (कोल्हापूर जिल्हा)

माणूस कामावर घेतल्या दिवसापासून त्याचा शेवटचा हिशेब चुकता होईपर्यंत मालकावर ज्या कायदेशीर जबाबदाऱ्या येतात, त्या पार पाडणे म्हणजे कामगार कायद्यांचे पालन. नेमणूक, हजेरी, पगार, रजा, विमा, सुरक्षितता आणि सेवासमाप्ती असे सगळे त्यात येते. कोल्हापुरात हा विषय प्रामुख्याने लहान मालकाचा आहे. शिवाजी उद्यमनगरातली मशीनशॉप, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री (धातूच्या ओतकामाचे कारखाने), इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचा चांदी व्यवसाय, लक्ष्मीपुरीतली दुकाने यांपैकी बहुतेकांकडे स्वतंत्र कार्मिक विभाग नसतो. मालक स्वतः, त्याचा दिवाणजी किंवा सुपरवायझर आणि महिन्यातून एखादी चक्कर मारणारा सल्लागार एवढ्यांवरच सारे चालते. म्हणून जे रोज घडते ते त्याच दिवशी खरे लिहून ठेवणे, हा इथल्या पालनाचा कणा आहे. वर्षअखेरीस एका बैठकीत, एकाच शाईने भरलेला हजेरीपट तपासणीत टिकत नाही आणि वादात तर मालकाच्याच विरुद्ध जातो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या चार केंद्रीय संहिता लागू झाल्या. त्यांनी २९ जुन्या केंद्रीय कायद्यांची जागा घेतली. मात्र ‘आता सगळे चार कायद्यांत आले’ असे समजून चालणार नाही. दुकाने व आस्थापनांसाठी राज्याचा २०१७ चा कायदा वेगळा आहे. व्यवसाय कर आणि कामगार कल्याण निधी राज्याचे आहेत, हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे आणि कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही स्वतंत्रच आहे.

मालकाने पहिल्यांदा माणसे मोजावीत, कारण कोणता कायदा लागू होतो हे बहुतांशी डोक्यांच्या संख्येवर ठरते. दहा माणसे झाली की कामगार राज्य विमा (ईएसआय), ग्रॅच्युइटी (काम सुटताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम) आणि महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती येते. वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस येतो, आणि विजेवर चालणारी शेड ‘कारखाना’ ठरते. विजेशिवाय चालणाऱ्या कामाला ही मर्यादा चाळीस आहे. पन्नासला पाळणाघर आणि ठेकेदारी कामगारांविषयीच्या तरतुदी, तीनशेला स्थायी आदेश, म्हणजे कामाच्या अटी आणि शिस्तीचे लेखी नियम. ठेकेदाराची माणसे आपली नाहीत असे धरून ती मोजणीतून वगळणे ही नेहमीची चूक. दुसरी त्याहून जुनी : एकाच शेडमध्ये भावाच्या आणि पत्नीच्या नावावर दोन फर्म काढून संख्या अठरा-अठरावर ठेवणे. व्यवस्थापन, पैसा, यंत्रे आणि माणसे एकच असतील तर दोन्ही फर्म एकच आस्थापना धरली जाते, आणि मग मागची थकबाकी व्याजासकट भरावी लागते. एकदा लागू झालेली सामाजिक सुरक्षेची तरतूद पुढे माणसे कमी झाली तरी सुटत नाही.

नेमणूकपत्र आता प्रत्येक कामगाराला द्यावे लागते, जुन्यांनाही. काम काय, वेतन किती, रुजू कधी झाला एवढे तरी त्यात स्पष्ट हवे, आणि ते मराठीत असावे. ओडिशा, बिहार किंवा उत्तर प्रदेशातून फाउंड्रीत आलेल्या माणसाला ते त्याच्या भाषेत समजावून सांगावे. परराज्यातील या कामगारांना गावी जाण्या-येण्याचा प्रवासभत्ता देण्याची तरतूदही व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे.

पगाराचा हिशेब मात्र सावकाश पाहायला हवा, कारण बहुतेक तंटे इथूनच सुरू होतात. फाउंड्रीत मोल्डिंगवर (साचे बनवण्यावर) काम करणाऱ्या एखाद्या कामगाराचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला १५,६०० रुपये आहेत असे धरू. २६ ने भागले की रोज ६०० रुपये, आठ तासांनी भागले की तासाला ७५. ओव्हरटाईमचा दर दुप्पट. भट्टीतला रस ओतून व्हायचा म्हणून तो पाळी सुटल्यावर दोन तास थांबला, तर त्याचे ३०० रुपये होतात. वडापाव आणि वर शंभराची नोट देऊन हा हिशेब मिटत नाही. याच कामगाराच्या भविष्यनिर्वाह निधीची १२ टक्के कपात १५,००० च्या मर्यादेवर केली तर १,८०० रुपये होते आणि मालकही तेवढेच भरतो. राज्य विम्याचे त्याचे ०.७५ टक्के म्हणजे ११७ रुपये, मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५०७. दोन्ही रकमा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायच्या. पगारातून कापून घेतलेले पैसे न भरणे हा यातला सर्वांत गंभीर गुन्हा आहे, कारण ते पैसे कामगाराचे असतात.

मूळ वेतन कमी दाखवून भत्ते फुगवण्याची सोयही आता उरली नाही. एकूण २०,००० पैकी ७,००० मूळ आणि १३,००० भत्ते दाखवले, तर भत्त्यांतले एकूण रकमेच्या निम्म्याहून वरचे ३,००० पुन्हा वेतनातच धरले जातात आणि ग्रॅच्युइटीसारखे हिशेब १०,००० वर होतात. किमान वेतनातला विशेष भत्ता, म्हणजे महागाईनुसार बदलणारा भाग, राज्यात जानेवारी आणि जुलैत बदलतो. नवा दर आला की पगारपत्रक त्याच महिन्यात बदलावे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. उद्यमनगरात अजून चालणारा आठवड्याचा पगार साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या कामाच्या दिवशी हातात पडला पाहिजे.

इचलकरंजीत मजुरी कापडाच्या मीटरवर ठरते. त्यामुळे किमान वेतन आपल्याला लागू नाही, असे काही खर्चीवाले (दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे) यंत्रमागधारक मानतात. ते बरोबर नाही. ज्या कामासाठी वेळेवरचे किमान वेतन ठरले आहे, तिथे मीटरवर कितीही हिशेब केला तरी हातात पडणारी रक्कम त्याहून कमी असता कामा नये. कांडीवाली (कांड्यांवर सूत भरणारी) आणि वहिफणीवाला (मागावर ताण्याचे धागे ओवणारा) यांची नावे हजेरीपटावर नसणे हे या धंद्यातले जुने दुखणे. माग त्यांच्याशिवाय चालत नाही, मग नोंदीत ती माणसे का नसावीत?

उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देण्याची रीत ऊसतोड, वीटभट्ट्या आणि मागांवर सर्रास आहे. उचल देणे बेकायदा नाही. ती लिहून द्यावी, हप्ते ठरवावेत आणि सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यावर जाऊ देऊ नयेत. पण उचल फिटेपर्यंत माणसाला अडकवून ठेवणे, त्याची कागदपत्रे ताब्यात घेणे हे १९७६ च्या वेठबिगारविरोधी कायद्याखाली येते. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात वेठ बंद केली होती. त्याच जिल्ह्यात आज कोणी उचलीपोटी राबावे, हे लाजिरवाणे आहे.

दिवाळीचा बोनस इथे मानाचा विषय. कायद्याने तो हिशेबवर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे मार्चअखेर हिशेब असेल तर ३० नोव्हेंबरपर्यंत द्यायचा असतो. वर्षात किमान तीस दिवस काम केलेल्या पात्र कामगाराला निदान ८.३३ टक्के मिळाला पाहिजे. मिठाईचा पुडा आणि पाकीट त्यात धरता येत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत फाउंड्रीमालकाने बूट, गॉगल आणि हातमोजे वाटून त्यांची सही घेण्यावर थांबू नये. माणसे ते वापरतात का, हे पोअरिंगच्या (रस ओतण्याच्या) वेळी स्वतः उभे राहून पाहावे. कामावर येता-जाता झालेला अपघात कामाशी निगडित असेल तर तोही आता भरपाईच्या कक्षेत आला आहे. विमा नसेल तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. अंतर्गत समितीची अध्यक्ष महिला असावी, निम्म्या सदस्य महिला असाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील तिथल्या महिलेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

काम सुटले, मग ते राजीनाम्याने असो वा काढून टाकल्याने, की वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. ‘पुढच्या पगाराला ये’ हे उत्तर आता चालत नाही. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यायची. वरच्या १५,६०० रुपयांच्या कामगाराची बारा वर्षे भरली असतील तर दर वर्षाला पंधरा दिवसांचे ९,००० याप्रमाणे १,०८,००० रुपये होतात. ही रक्कम एकदम काढणे लहान मालकाला जड जाते, म्हणून दरवर्षी थोडी बाजूला टाकत जावी.

वेतनात चूक सापडली तर निरीक्षक-तथा-सुलभकर्ता (संहितांखाली तपासणी करणारा सरकारी अधिकारी) आधी लेखी सूचना देऊन दुरुस्तीला मुदत देतो. पाच वर्षांत तीच चूक पुन्हा झाली तर ही सवलत मिळत नाही. कमी वेतन दिल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो, आणि पाच वर्षांत पुन्हा तेच घडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कामगार आणि औद्योगिक न्यायालये कोल्हापुरातच आहेत, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही (फिरते खंडपीठ) इथे बसते. त्यामुळे कामगाराला किंवा मालकाला वरच्या दादेसाठी मुंबई गाठावी लागत नाही. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. तोवर हजेरीपट, पगारपत्रक आणि उचलीच्या पावत्या रद्दीत घालू नयेत, आणि नेमणूकपत्राची प्रत तर माणूस कामावर असेपर्यंत आणि त्याची ग्रॅच्युइटी दिली जाईपर्यंत जपावी.